मोटार चोरीला गेल्यावर: फिर्यादीपासून सुपुर्दनाम्यापर्यंत

विहिरीवरची मोटार गेली, की शेतकरी आधी विहिरीत वाकून बघतो, मग बांधावरच्या शेजाऱ्याला विचारतो, मग जवळच्या दोन-चार भंगारवाल्यांकडे चक्कर मारून येतो. ठाण्याची पायरी चढेपर्यंत दोन-तीन दिवस सहज गेलेले असतात. जळगाव जिल्ह्यात रावेर-यावलच्या केळीपट्ट्यात, चोपड्याकडे, तापीच्या दोन्ही काठांनी हाच प्रकार. तालुका कोर्टात अशी प्रकरणं दोन्ही बाजूंनी हाताळायला मिळतात. कधी फिर्यादीची मोटार सोडवायची असते, कधी आरोपीच्या वतीने रिमांडला उभं राहायचं असतं. दोन्हीकडून एकच गोष्ट दिसते. तपास फसतो तो बहुतेकदा पहिल्या दोन-तीन दिवसांत लिहिलेल्या कागदांमुळे, आणि त्यातली निम्मी चूक पोलिसांनी हद्द ओलांडल्याची असते, निम्मी फिर्यादीने न वाचता सही केल्याची.

उशिराचंच घ्या. शेतीची वीज आठवडाभर दिवसा, आठवडाभर रात्री अशी येते. रात्रपाळीत स्टार्टरला ऑटो लावलेला असतो, शेतकरी घरी झोपलेला असतो. दोन दिवसांनी केळीच्या बुडाला ओल नाही म्हणून विहिरीवर जावं, तर केबल कापलेली आणि मोटार गायब. हे कारण अगदी खरं आहे, पण फिर्यादीत ते लिहिलेलंच नसतं. लिहिलेलं असतं एवढंच: 'अज्ञात चोरट्याने मुद्दाम लबाडीच्या इराद्याने चोरून नेली.' वर्षभराने साक्षीच्या पिंजऱ्यात आरोपीचा वकील विचारतो, तीन दिवस काय करत होतात? तिथे दिलेलं उत्तर फिर्यादीत नसेल तर ती 'सुधारणा' ठरते, म्हणजे मागाहून घातलेली भर. म्हणून फिर्यादीत चार गोष्टी याव्यातच: मोटार शेवटची कोणी आणि कधी चालू पाहिली, त्या आठवड्यात वीज कोणत्या पाळीत होती, चोरी कधी लक्षात आली, आणि मधल्या काळात कुठे कुठे शोध घेतला.

ठाण्यात गेल्यावर पहिला घोळ 'अर्ज' आणि 'फिर्याद' यांचा होतो. ठाणे अंमलदार म्हणतात, अर्ज लिहून द्या, साहेब आले की बघतो. शेतकरी अर्ज देतो, आवक शिक्क्याची प्रत घेतो आणि गुन्हा नोंदला गेला या समजुतीने घरी जातो. अर्जावर चौकशी होते, तपास होत नाही. तपास सुरू होतो तो गुन्हा रजिस्टर नंबर पडल्यावर. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १७३ हे त्याचं मूळ. दखलपात्र, म्हणजे पोलिसांना वॉरंटशिवाय अटक करता येईल अशा गुन्ह्याची खबर मिळाली की नोंद करायचीच, हे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने २०१३ मध्ये ललिताकुमारी प्रकरणात स्पष्ट केलं. नव्या संहितेने त्याला एक फट ठेवली आहे: तीन वर्षं किंवा त्याहून जास्त, पण सात वर्षांपेक्षा कमी शिक्षेच्या गुन्ह्यात उपअधीक्षकांच्या परवानगीने १४ दिवसांत प्राथमिक चौकशी करता येते. साध्या चोरीची शिक्षा तीन वर्षांपर्यंत, म्हणजे ती या फटीत बसते. तेव्हा 'चौकशी चालू आहे' असं सांगितलं तर विचारायचं, उपअधीक्षकांची परवानगी घेतली आहे का आणि कोणत्या तारखेची. चौदा दिवस तिथून मोजायचे.

'शिवार आमच्या हद्दीत नाही' हे उत्तर तर आता चालतच नाही. हद्द कोणतीही असो, शून्य क्रमांकाने गुन्हा नोंदवून तो संबंधित ठाण्याला पाठवायचा, असं कलमातच आलं आहे. फिर्याद ऑनलाइन दिली असेल तर तीन दिवसांत जाऊन सही करावी लागते. फिर्यादीची प्रत विनामूल्य मिळते आणि ती त्याच वेळी मागून घ्यायची. नोंदच करत नसतील तर खबरीचा मजकूर पोस्टाने पोलीस अधीक्षकांना पाठवायचा, रजिस्टर एडीची पावती जपायची, आणि तिथूनही काही झालं नाही तर प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांकडे कलम १७५(३) खाली अर्ज करायचा. त्या अर्जाला प्रतिज्ञापत्र लागतं. अधीक्षकांची पायरी गाळून थेट कोर्टात आलेले अर्ज तिथेच अडकतात.

आता किमतीचा मुद्दा, जो फार कमी जणांना माहीत आहे. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०३(२) खाली चोरी दखलपात्र आणि अजामीनपात्र आहे. पण चोरीच्या मालाची किंमत ५,००० रुपयांपेक्षा कमी असेल तर नागरिक सुरक्षा संहितेच्या पहिल्या अनुसूचीत ती अदखलपात्र आणि जामीनपात्र दाखवली आहे. म्हणजे नुसती साठ-सत्तर फूट केबल कापून नेली, आणि फिर्यादीने अंदाजाने 'चार-साडेचार हजारांची असेल' म्हटलं, की प्रकरण एनसीत, म्हणजे अदखलपात्र नोंदीत गेलं. एनसीमध्ये न्यायदंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय पोलिसांना तपासच करता येत नाही, वॉरंटशिवाय अटकही नाही. शेतकऱ्याला वाटतं पोलीस टाळतात, पोलीस म्हणतात कायद्याने हात बांधले आहेत, आणि दोघंही आपापल्या जागी बरोबर असतात. त्यामुळे किंमत अंदाजाने सांगू नये. केबल किती कोअरची, किती स्क्वेअर एमएमची, किती फूट, हे मोजून दुकानदाराचं बिल जोडावं. केबलबरोबर स्टार्टरमधले कॉन्टॅक्टर, कपॅसिटर, फूटव्हॉल्व्ह, दोर असं जे जे गेलं ते सगळं यादीत घ्यावं. फुगवूनही सांगू नये. आठ वर्षं वापरलेली साडेसात एचपीची मोटार नव्या भावाने लिहिली, आणि उलटतपासणीत जुनं बिल पुढे आलं, की बाकीच्या खऱ्या गोष्टींवरचाही विश्वास उडतो.

कुलपाचंही असंच. मोटार उघड्या विहिरीतून गेली तर साधी चोरी. पण स्टार्टर, केबलचं बंडल किंवा जादा मोटार कुलूपबंद पत्र्याच्या खोलीतून गेली असेल तर कलम ३०५ लागू शकतं, कारण ती खोली माल सांभाळायची जागा आहे. शिक्षा सात वर्षांपर्यंत. रात्री कुलूप तोडून आत शिरले असतील तर ३३१(४) येतं, आणि चोरीच्या उद्देशाने केलेल्या रात्रीच्या घरफोडीला चौदा वर्षांपर्यंत शिक्षा आहे. एका तुटलेल्या कुलपाने गुन्ह्याचं वजन बदलतं. तरीही बऱ्याच फिर्यादींमध्ये कुलपाचा उल्लेख नसतो, आणि तुटलेलं कुलूप शेतकऱ्यानेच आवराआवरीत फेकून दिलेलं असतं.

घटनास्थळाचा पंचनामा शेतातच व्हायला हवा. हे सांगायची वेळ यावी हेच विचित्र, पण ठाण्यात टेबलावर बसून लिहिलेला पंचनामा ओळखू येतो. त्यात चतुःसीमा सातबाऱ्यावरून उतरवलेल्या असतात आणि विहिरीच्या कडेला काय पडलं होतं यावर एक ओळही नसते. खरा पंचनामा असा असतो: गट नंबर, रस्त्यापासून विहीर किती मीटरवर, विहिरीचा काठ बांधीव की कच्चा, दोर घासल्याची खूण कुठल्या बाजूला, केबल कुठे कापली, पाइप हॅक्सॉने कापला की कपलिंग खोललं, चाकाच्या खुणा कुठल्या दिशेने गेल्या. स्टार्टरच्या पेटीतून बाहेर आलेलं केबलचं उरलेलं टोक फूटभर कापून जप्त करायचं, कागदात गुंडाळून पाकिटात सीलबंद करायचं, वर पंचांच्या सह्यांचं लेबल. पुढे भंगारातून केबल मिळाली तर दोन टोकांची काप जुळते का हे न्यायसहायक प्रयोगशाळेला सांगता येतं. तेच टोक शेतकऱ्याने दुसऱ्या दिवशी नवी केबल जोडताना छाटून टाकलं, की हा पुरावा संपला. वीज सुरू करायची घाई समजते. केळीला पाणी थांबत नाही. पण पंचनामा होईपर्यंत एक दिवस पेटीला हात लावू नये.

झडती आणि जप्तीचं दृकश्राव्य चित्रीकरण नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १०५ ने आता सक्तीचं आहे, मोबाइलवर केलं तरी चालतं. ते विनाविलंब न्यायदंडाधिकाऱ्यांकडे पाठवायचं असतं. त्यासाठी ई-साक्ष्य हे ॲप आहे. चित्रीकरणाने एक मोठी सोय झाली, पंच शेतात उभा होता की नव्हता हे दिसतं. अडचणही दिसते: सातपुड्याच्या पायथ्याला रेंज नसते, मग क्लिप फोनमध्येच राहते आणि दोन दिवसांनी दुसऱ्याच फोनवरून चढवली जाते. इलेक्ट्रॉनिक पुराव्याला भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र लागतं, त्यात हॅश व्हॅल्यू, म्हणजे फाइल बदललेली नाही हे तपासायचा संकेतांक, द्यावी लागते. कोणत्या यंत्रावर चित्रीकरण झालं हेच जुळलं नाही, तर चांगली क्लिपही वादात सापडते.

झडतीला पंच दोन लागतात, स्वतंत्र, आणि शक्यतो त्याच परिसरातले प्रतिष्ठित रहिवासी. गावात मात्र कोणी तयार होत नाही. 'पंच झालो की कोर्टाच्या तारखा' ही भीती पिढ्यांची आहे. कायद्याने पंचाला कोर्टाने खास बोलावल्याशिवाय यावं लागत नाही, पण लेखी आदेश मिळूनही सबळ कारणाशिवाय नकार दिला तर तोही गुन्हा ठरतो. परिणामी अंमलदार नेहमीचाच माणूस आणतात: चहावाला, टपरीवाला, ठाण्याशेजारचा झेरॉक्सवाला. अशा पंचाला कोर्टात पहिलाच प्रश्न असतो, याआधी किती पंचनाम्यांवर सह्या केल्या? तो आकडा सांगायला कचरला, की उरलेली साक्ष कोणी ऐकत नाही.

संशयितांना बोलावण्याचा टप्पा सगळ्यात नाजूक. संशय पहिल्यांदा सालदारावर जातो, नाहीतर सातपुड्यातून आलेल्या पावरा-बारेला मजुरांच्या झोपड्यांवर. फिर्यादीत 'संशय' म्हणून एखादं नाव घालायचा आग्रहही होतो. आधार नसेल तर घालू नये. नाव घालून गुन्हा उघड होत नाही, उलट एक माणूस दोन दिवस ठाण्याच्या व्हरांड्यात बसतो. कायद्यात 'चौकशीसाठी ताब्यात' असा वेगळा खण नाहीच. माणूस एकतर मोकळा असतो, नाहीतर अटकेत. तो उठून जाऊ शकत नसेल, तर त्या क्षणापासून संविधानाच्या कलम २२ चे आणि नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ५८ चे चोवीस तास सुरू होतात, अटक पंचनाम्यावर वेळ काहीही लिहिलेली असो. प्रवासाचा वेळ तेवढा वजा. सकाळी दहाला उचललेला माणूस दुसऱ्या दिवशी संध्याकाळी 'अटक' दाखवला, तर ठाण्यातलं सीसीटीव्ही हे त्याचं सगळ्यात मोठं साक्षीदार. डिसेंबर २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रत्येक ठाण्यात प्रवेशद्वार, लॉकअप, व्हरांडा, सगळीकडे कॅमेरे लावायला सांगितलं. त्या चित्रीकरणाची मागणी त्याच आठवड्यात लेखी करायची. वर्षभराने मागितलेलं फुटेज कुठेच सापडत नाही.

बोलवायचे कागद दोन प्रकारचे आहेत आणि ते वेगळे ओळखावेत. साक्षीदाराला कलम १७९ ची नोटीस. तीही आपल्या किंवा लगतच्या ठाण्याच्या हद्दीतल्या माणसालाच. पंधरा वर्षांखालचा मुलगा, साठ वर्षांवरचा पुरुष, कोणत्याही वयाची स्त्री, अपंग किंवा गंभीर आजारी व्यक्ती यांना ठाण्यात बोलवता येत नाही, पोलिसांनीच त्यांच्या राहत्या ठिकाणी जायचं. संशयिताला कलम ३५(३) ची नोटीस. ती मिळाली आणि माणूस ठरलेल्या दिवशी हजर राहिला, तर कारण लिहून ठेवल्याशिवाय अटक करता येत नाही. ही नोटीस व्हॉट्सॲपवर पाठवून भागत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये सांगितलं. हातात द्यायची, पोच घ्यायची.

साध्या चोरीची शिक्षा सात वर्षांच्या आत असल्याने अटक आपोआप होत नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या अर्णेशकुमार निकालापासून, म्हणजे २०१४ पासून, अटकेची गरज का, हे अंमलदाराने कागदावर मांडायचं असतं. पळून जाईल, पुरावा नष्ट करेल, साक्षीदारांना धमकावेल, पुन्हा गुन्हा करेल, यातलं काय आणि कशावरून. छापील फॉर्मवर चारही खुणा केलेल्या असतील तर तो कागद विचार न करता भरला आहे हे न्यायाधीशांनाही दिसतं. अटक झालीच तर मेमोवर नातेवाइकाची किंवा परिसरातल्या प्रतिष्ठित माणसाची सही, नातेवाइकाला खबर, वैद्यकीय तपासणी, आणि अटकेची कारणं लेखी. लेखी कारणं आरोपीला समजेल अशा भाषेत हवीत, आणि आधी देता आली नाहीत तर रिमांडला उभं करण्याच्या किमान दोन तास आधी द्यायची, असं सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२५ मध्ये सर्व गुन्ह्यांसाठी ठरवलं. इथे पावरी बोलणाऱ्या माणसाला मराठी कागद देऊन अंगठा घेतला, तर नियम पाळला की नाही हे रिमांडलाच विचारायला हवं. वकील नसेल तर तालुका विधी सेवा समितीकडून मोफत मिळतो. कोठडीतल्या प्रत्येकाला तो हक्क आहे. हेल्पलाइन १५१००.

पोलीस कोठडी एकूण पंधरा दिवसांची. आता ती तुकड्या-तुकड्यांनी घेता येते, साध्या चोरीत पहिल्या चाळीस दिवसांत. आरोपपत्र साठ दिवसांत आलं नाही तर आरोपीला जामिनाचा हक्क मिळतो, आणि साठ मोजताना रिमांडचा पहिला दिवसही धरायचा. अर्ज मात्र आरोपपत्र दाखल होण्याआधी करायला हवा.

तपासाचा खरा कणा असतो मेमोरंडम पंचनामा, म्हणजे आरोपीने दिलेली माहिती आणि त्यावरून सापडलेली वस्तू यांची पंचांसमोरची नोंद. आरोपी कोठडीत कबुली देतो. ती कबुली पोलिसांसमोरची म्हणून साक्ष्य अधिनियमाच्या कलम २३ ने पूर्ण निरुपयोगी, फक्त एक तुकडा सोडून. तिच्यातून एखादी वस्तू प्रत्यक्ष सापडली, तर त्या शोधाशी थेट जोडलेला भाग तेवढा वाचला जातो. 'मी आणि माझ्या भावाने मोटार चोरली, तार जाळून तांबं विकलं, उरलेली बॉडी नाल्याच्या मोरीखाली ठेवली आहे, चला दाखवतो.' यातली चोरी गळली, जाळणं गळलं, भाऊ गळला. उरलं ते मोरीखाली ठेवली आणि दाखवतो. त्यामुळे निवेदनात अंमलदाराने कितीही रंगवून लिहिलं तरी वाचायची ओळ एकच असते, आणि ती ओळ चोख नसेल तर बाकी पानभर मजकूर रद्दी.

या पंचनाम्यात घड्याळ सगळ्यात जास्त घात करतं. निवेदन ११ वाजून ३० मिनिटांनी सुरू, १२ ला संपलं, गाडी निघाली १२.१०, मोरीवर पोहोचली १.०५. हे चार आकडे स्टेशन डायरी, गाडीचं लॉगबुक, पंचनामा आणि चित्रीकरणाची वेळ यांत एकच असायला हवेत. लॉगबुकात गाडी ११ वाजताच बाहेर पडलेली असली, तर निवेदन होण्याआधीच पोलिसांना जागा माहीत होती असा अर्थ निघतो, आणि 'शोध' शोध राहत नाही. पहिल्या आरोपीने जागा दाखवल्यावर त्याच जागेसाठी दुसऱ्याचं निवेदन घेणं हाही नेहमीचा उद्योग. दुसऱ्याच्या बाबतीत त्याला किंमत नाही. जागा सार्वजनिक, येता-जाता कुणालाही दिसणारी असेल, तर ती आरोपीलाच माहीत होती हे पटवणं अवघड जातं. मोरीच्या तोंडाशी पालापाचोळा होता का, तो आरोपीने स्वतः हाताने बाजूला केला का, हे एका वाक्यात लिहिलं तरी फरक पडतो.

तांबं भंगारात जातं. सीमेपलीकडे बऱ्हाणपूर रावेरपासून जवळ, म्हणून माल तिकडे गेला असं अनेकदा निघतं. दुसऱ्या ठाण्याच्या हद्दीत झडती घ्यायची तर तिथल्या ठाणेदाराला कळवायचं. पुरावा नष्ट होईल म्हणून थेट घेतलीच, तर लगेच त्या ठाण्याला लेखी सूचना आणि झडतीच्या नोंदींची प्रत ४८ तासांच्या आत जवळच्या न्यायदंडाधिकाऱ्यांकडे. भंगारवाल्याला आरोपी करायचा तर माल चोरीचा आहे हे त्याला माहीत होतं किंवा तसं मानायला कारण होतं, हे दाखवावं लागतं. जाळलेलं तांबं बाजारभावापेक्षा फार स्वस्तात घेतलं, वहीत नोंद नाही, विकणाऱ्याचं नाव-पत्ता नाही, हे मुद्दे कामाला येतात. नुसतं तांबं सापडलं म्हणून काही सिद्ध होत नाही, कारण वितळलेल्या तांब्यावर कुणाचं नाव नसतं.

म्हणूनच मोटारीच्या बॉडीवरचा क्रमांक इतका महत्त्वाचा. नेमप्लेट चोर आधी उचकटतात. वायंडिंगवाल्याकडे मोटार एकदा तरी गेलेली असते. तो आतल्या बाजूला रंगाने तारीख टाकतो, वहीत वजन आणि गेज लिहितो. हा माणूस मोटार ओळखायला मालकापेक्षा भक्कम साक्षीदार ठरतो, आणि त्याचा जबाब क्वचितच घेतला जातो. फिर्यादीने स्वतः पुरवणी जबाबात त्याचं नाव द्यावं. नवी मोटार घेताना बॉडीवर छिन्नीने गट नंबर कोरून घेतला तर थोडक्या पैशांत काम होतं.

जबाबाबद्दल एक गोष्ट आणखी. फिर्यादीवर सही असते, साक्षीदाराच्या तपासातल्या जबाबावर नसते. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १८१ ने सही घ्यायलाच मनाई आहे. लोक दोन्ही एकच समजतात. खरी अडचण भाषेची. अमळनेर-पारोळ्याकडचा साक्षीदार सांगतो, 'अंधारमा दोन जण पयतांना दखायनात, पन तोंड नही दखायनं.' कागदावर उतरतं: 'दोन अनोळखी इसम पळून जाताना मला दिसले. त्यांना पुन्हा पाहिल्यास मी ओळखू शकेन.' शेवटचं वाक्य साच्यातलं आहे, प्रत्येक जबाबात येतं. साक्षीदार कोर्टात खरं बोलतो, तोंड दिसलं नाही म्हणतो, आणि सरकारी वकील त्याला फितूर जाहीर करायला उठतात. लिहून झाल्यावर जबाब वाचून दाखवायला सांगावा आणि न बोललेलं वाक्य तिथेच खोडायला लावावं. ओळख परेड व्हायची असेल तर आरोपीचा फोटो मोबाइलवर बघू नये, ठाण्यात त्याच्या समोरही जाऊ नये. परेड तहसीलदार किंवा नायब तहसीलदार घेतात. आधी चेहरा दाखवला असेल तर ती परेड वाया गेली.

गुन्हा उघड झालाच नाही, तर 'अ' समरीची नोटीस येते: गुन्हा खरा, पण आरोपी मिळाला नाही. 'ब' म्हणजे फिर्याद खोटी, 'क' म्हणजे गैरसमजातून किंवा दिवाणी स्वरूपाची. नोटिशीवरचं अक्षर नीट बघावं, कारण 'ब' असेल तर उलट फिर्यादीवरच कारवाई होऊ शकते. हरकत घ्यायची असेल तर नेमलेल्या तारखेला लेखी द्यावी, आणि काय तपासलं गेलं नाही ते मुद्द्याने लिहावं: अमुक वायंडिंगवाल्याचा जबाब नाही, केबलचं टोक प्रयोगशाळेत गेलं नाही. 'तपास नीट झाला नाही' एवढं लिहून काही होत नाही. तपासाची प्रगती फिर्यादीला ९० दिवसांत कळवणं कलम १९३ ने बंधनकारक आहे, ते पत्र आलं नसेल तर तेही हरकतीत घ्यावं.

मोटार मिळाली तर ती मुद्देमाल खोलीत, जागा नसेल तर ठाण्यामागे लिंबाच्या झाडाखाली. एक पावसाळा गेला की बेअरिंग जाम. सोडवायला कलम ४९७ किंवा ५०३ खाली न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करायचा. माल कोर्टापुढे आल्यापासून १४ दिवसांत यादी आणि छायाचित्रं, आणि त्यानंतर ३० दिवसांत विल्हेवाटीचा आदेश, असं आता कलमातच आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या २००२ च्या सुंदरभाई देसाई निकालापासूनच माल ठाण्यात सडत ठेवू नये असं धोरण आहे. अर्जाला मोटारीचं बिल, सातबारा, शेतीपंपाचं वीजबिल, फिर्याद आणि जप्ती पंचनाम्याची प्रत जोडायची. बिल हरवलं असेल तर वायंडिंगवाल्याची पावती चालून जाते, प्रतिज्ञापत्र सोबत लागतं. मग तपासी अंमलदार आणि सरकारी वकिलांचा 'से', म्हणजे लेखी म्हणणं, मागवला जातो. हा से वेळेवर येत नाही, तारखा पडतात त्या इथेच. अंमलदाराकडे स्वतः जाऊन से तयार करून घेतला तर दोन तारखा वाचतात.

आदेश झाला की सुपुर्दनाम्याचं बंधपत्र: मोटार विकणार नाही, स्वरूप बदलणार नाही, कोर्ट मागेल तेव्हा हजर करीन. 'स्वरूप बदलणार नाही' याचा अर्थ शेतकऱ्याला तिथे कोणी सांगत नाही. मिळालेल्या मोटारीचं वायंडिंग चोरांनी ओढून काढलेलं असतं, ती नव्याने भरल्याशिवाय चालणार नाही. म्हणून सुपुर्दनाम्याच्या अर्जातच दुरुस्तीची परवानगी मागून घ्यावी, ताबा घेताना बॉडीवरचा क्रमांक, उचकटलेल्या नेमप्लेटची जागा आणि रिकामा स्टेटर (वायंडिंग बसतं तो भाग) यांचे फोटो मुद्देमाल कारकुनासमोर काढावेत, ताबा पावतीवर 'वायंडिंग नसलेल्या स्थितीत मिळाली' असं लिहून घ्यावं आणि मगच मोटार वायंडिंगवाल्याकडे न्यावी.